मापरेषेची जागा

जव्हारजवळच्या शिरपामाळाचे नाव आपण ऐकले असेल. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज या माळावर थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे येथे स्वागत केले आणि मानाच्या शिरपेचावरून माळाला हे नाव मिळाले, असे या भागात सांगतात. त्या भेटीचे स्मारक माळावर आहे. आज मात्र इतिहास बाजूला ठेवून मी आपल्याला तेथे एका निराळ्याच कामासाठी नेणार आहे.

समजा, या माळावर एक लहानसा चौथरा बांधायचा आहे. मापे उदाहरणापुरती घेऊ. चौथऱ्याची लांबी २४०० मिलिमीटर, पुढे ३०० मिलिमीटरच्या तीन पायऱ्या. म्हणजे एकूण ३३०० मिलिमीटर. नकाशा निघतो शहरातल्या कचेरीत, संगणकावर. बांधणारा गवंडी असतो माळावर. दोघांची गाठ क्वचितच पडते. गवंड्याला शंका आली तर तो विचारणार कोणाला? कागदावरच्या आकड्यालाच! म्हणून आकडा कोठे लिहिला, ही नुसती टापटिपीची बाब नव्हे.

आकडा ज्या बारीक रेषेवर बसतो ती मापरेषा. कारखान्यात तिला 'डायमेन्शन लाइन' म्हणतात. वस्तूच्या कडेपासून ज्या दोन रेषा तिच्यापर्यंत येतात त्या विस्ताररेषा. मापरेषा शक्यतो आकृतीच्या बाहेर काढावी. पहिली मापरेषा आकृतीपासून सुमारे ८ ते १० मिलिमीटर दूर, पुढच्या रेषा एकमेकींपासून तेवढ्याच सारख्या अंतरावर. विस्ताररेषा मापरेषेच्या पुढे २-३ मिलिमीटर जावी. लहान माप आत आणि मोठे माप बाहेर, हा नियम तर कधीच विसरू नये. आपल्या चौथऱ्यात ३०० ची तीन मापे आणि २४०० चे माप आतल्या ओळीत येतील. ३३०० बाहेरच्या ओळीत. हाच क्रम उलटा केला तर लहान मापांच्या विस्ताररेषा मोठ्या मापरेषेला छेदून जातात आणि कोणता बाण कोणत्या रेषेचा, हेच कळेनासे होते.

आता कोणी म्हणेल, "अहो, नकाशा प्रमाणात काढलेला आहे ना? मग पट्टी लावून मोजावे की!" नेमका येथेच घोटाळा होतो. १:५० प्रमाणात २४०० चा चौथरा कागदावर ४८ मिलिमीटर होतो. मूळ कागद ए-३ आकाराचा. कोणी त्याची झेरॉक्स ए-४ वर काढली, की तीच रेषा सुमारे ३४ मिलिमीटर भरते. तिला ५० ने गुणा. उत्तर येते १७००. चौथरा ७०० मिलिमीटरने आखूड झाला! कागद लहान झाला तरी आकडा मात्र २४०० च राहतो. म्हणून नकाशा मोजू नये, वाचावा. अर्थात, वाचता येण्याजोगा तो असला पाहिजे. ३ मिलिमीटर उंचीचा आकडा त्या झेरॉक्समध्ये सुमारे २.१ मिलिमीटर होतो. मुळातच बारीक असेल तर पुसटून जातो.

संगणकावर ही काळजी वेगळ्या रीतीने घ्यावी लागते. तेथे चौथरा खऱ्या मापाने, २४०० एककांचाच काढतात. कागदावर १:५० ने छापल्यावर आकडा ३ मिलिमीटर दिसायला हवा, तर तेथे त्याची उंची १५० हवी. मापरेषांमधले ८ मिलिमीटर अंतर तेथे ४०० होते. प्रमाणाप्रमाणे हे आपोआप बदलण्याची सोय आता ऑटोकॅडमध्ये आहे; विस्कटलेल्या मापरेषा समान अंतरावर लावणारी 'डिमस्पेस' ही आज्ञाही आहे. पण एक गोष्ट यंत्र करू देते, आणि ती आपण करू नये: मापाचा आकडा हाताने खोडून दुसरा टंकणे. रीतसर दिलेले माप आकृतीशी बांधलेले असते; आकृती ताणली की आकडाही बदलतो. हाताने टंकलेला आकडा तसाच राहतो, आणि चित्र एक सांगते, आकडा दुसरेच.

आणखी एक मुद्दा आहे, तो रांगेने मापे देण्याचा. चौथऱ्याजवळ कठड्याचे खांब रोवायचे आहेत. १२०० ची दहा अंतरे, म्हणजे एकूण १२ मीटर. प्रत्येक माप मागच्या खांबापासून दिले आणि दर वेळी टेप ५ मिलिमीटर पुढे सरकला, तर शेवटचा खांब ५० मिलिमीटर पुढे जाईल. त्याऐवजी सगळी मापे एकाच कडेपासून द्यावीत: १२००, २४००, ३६००. मग एकाची चूक दुसऱ्याच्या माथी बसत नाही. मात्र दहा समांतर रेषांना कागदावर सुमारे ८० मिलिमीटर जागा लागते. तेवढी नसेल तर एकाच रेषेवर शून्यापासून चढती मापे लिहावीत.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. पण बांधकामावर अजून फूट-इंच बोलले जातात. २४०० म्हणजे "आठ फूट" असे कोणी समजले, तर ३८ मिलिमीटर वाढले. तेव्हा नकाशावर एकक ठळक लिहा. आणि छापण्यापूर्वी तो झेरॉक्सइतका लहान करून, ज्याने तो काढलेला नाही अशा माणसाच्या हाती द्या. त्याने प्रश्न न विचारता सगळी मापे वाचून दाखवली, तर खुशाल समजा की मापरेषा आपापल्या जागी आहेत. त्याने एकदा जरी "हे माप कुठून कुठपर्यंत?" असे विचारले, तर ती रेषा तेव्हाच हलवा. संगणकावर ती क्षणात हलते. माळावर बांधलेली पायरी हलवायला पहार लागते.