साखर वाढते तेव्हा रक्तवाहिनीत काय घडते?

(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. तेव्हा औषध कोणते घ्यावे हे आम्हांस विचारू नये. परंतु "साखर वाढली म्हणतात, पण दुखत तर काहीच नाही" हे वाक्य आपल्या वस्तीत इतक्या वेळा कानांवर येते, की त्याचे उत्तर शोधावेसे वाटले.

मधुमेह आपल्याला परका नाही. पूज्य बाबासाहेबांना तो होता. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला त्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि बाबासाहेबांच्या पथ्यपाण्याचा भार त्यांनी वाहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा बाबासाहेबांना काठीचा आधार लागत होता. पाय दुखत, नजर अधू झालेली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ छापून आला तो १९५७ साली, त्यांच्या पश्चात. दीक्षेचा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. तो घडविणाऱ्या देहाने काय सोसले ते फारसे सांगत नाही.

पाय आणि डोळेच का? मूत्रपिंडही त्यांच्या जोडीला घ्या. या तिन्ही ठिकाणी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकेरी थर असतो, आणि प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल. हे पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थांचे, म्हणजे मेदाचे असते. मेदरेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे. ते भिंतीसारखे घट्ट नसून तेलासारखे प्रवाही असते, त्यात प्रथिने तरंगत असतात. ही कल्पना सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी १९७२ साली मांडली.

आता स्वयंपाकघरात या. जवसाचे तेल पातळ, पण लवकर खवट होते. तूप थंडीत थिजते, पण टिकते. जवसाच्या तेलातील मेदाम्ले असंपृक्त असतात, ती प्राणवायूच्या तावडीत पटकन सापडतात. पेशीपटलाला प्रवाही राहण्यासाठी हीच असंपृक्त मेदाम्ले हवीत. म्हणजे जे त्याचे बळ, तेच त्याचे मर्म.

साखरेचा संबंध येथे येतो. स्नायूंच्या पेशीत विश्रांतीच्या वेळी साखर शिरायची तर इन्सुलिनने दार उघडावे लागते. रक्तवाहिनीच्या पेशीचे दार मात्र उघडेच असते. रक्तात साखर वाढली की ती तिच्या आतही वाढते. ही जादा साखर जळताना प्राणवायूचे आक्रमक कण गरजेपेक्षा जास्त निर्माण होतात, आणि ते पटलातील मेदावर तुटून पडतात. एक मेदरेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. डब्यातले खवट शेंगदाणे आठवा! पटल ताठर होते, गळू लागते. मेद मोडून जे पदार्थ तयार होतात तेही विषारीच. ते जवळच्या प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बंद पाडतात.

विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या पटलातल्याच एका मेदाम्लापासून पेशी 'प्रोस्टासायक्लिन' नावाचे द्रव्य बनविते. ते रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटू देत नाही आणि वाहिनी सैल ठेवते. याचा शोध १९७६ साली लागला. त्या कामातले जॉन व्हेन यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मेद खवट झाला की हे द्रव्य बनविणारे विकरच मंदावते. मग गुठळी व्हायला वाट मोकळी. आणि हे सारे होत असताना दुखत काहीच नाही, कारण वेदना कळविणाऱ्या मज्जातंतूंना रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्याही त्याच आजारात सापडलेल्या असतात. पायाला खिळा टोचला तरी कळू नये, अशी वेळ त्यातूनच येते.

तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून "साखर नॉर्मल" म्हणणारे आपल्यात अनेक आहेत. उपाशीपोटीची साखर ही त्या दिवशीची शिल्लक झाली. 'एचबीए वन सी' ही तपासणी म्हणजे सुमारे तीन महिन्यांचे पासबुक. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून. तिच्यात खाडाखोड करता येत नाही. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला, की साखर काटेकोर आवरली तर डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतूंचे नुकसान बरेच कमी होते. हे रुग्ण इन्सुलिनवरच अवलंबून असणारे होते, परंतु १९९८ साली ब्रिटनच्या अभ्यासात दुसऱ्या, आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या प्रकारातही बारीक वाहिन्यांपुरता तोच कल दिसला. आधीच्या चांगल्या वर्षांचा लाभ पुढे अनेक वर्षे टिकतो, असेही नंतर दिसून आले.

मेद खवट होतो तर ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात, असा सल्ला दुकानदार देतात. कल्पना तर्काला धरून आहे, कारण ई जीवनसत्त्व पटलातच राहून मेदाची राखण करते. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नऊ हजारांहून अधिक लोकांवर ते तपासले गेले, आणि हृदयविकार रोखण्यास त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा तो पैसा भाजीवर खर्च करावा हे बरे.

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची हकीकत आहे. तो द्रोणभर भात खाई. द्रोण हे त्या काळचे मोठे माप. जेवून धापा टाकीत तो तथागतांकडे आला, तेव्हा त्यांनी मात्रा ओळखून खाण्याविषयी एक गाथा म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज शंभर कार्षापण देऊन जेवणाच्या वेळी ती गाथा म्हणायला लावली. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला. त्याने एकदम उपास धरला नाही, माप कमी करीत नेले, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याला सुदस्सन ठेवणे परवडणार नाही. पण वैशाख पौर्णिमेस खीर वाटताना द्रोण लहान घ्यावेत, आणि त्या दिवशी रक्ततपासणी असेल तर तिचे टेबल खिरीच्या आधी लावावे, एवढी कार्यकारिणीस विनंती. जय भीम.