नावाची पत आणि अचौर्य अणुव्रत

पेढीचे नाव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चोख माप देऊन आणि दिलेला शब्द पाळून मिळविलेली पत होय. ग्राहक त्या नावावर विसंबून माल घेतो. त्याच्याशी मिळतेजुळते नाव लावून आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविणे, यास कायद्याच्या भाषेत ‘पासिंग ऑफ’ म्हणतात. नावाची नोंदणी नसली तरी असा दावा दाखल करता येतो. व्यापारचिन्हे अधिनियम, १९९९ च्या कलम २७ ने तो हक्क अबाधित ठेवला आहे. दावेदाराने आपला बाजारातील लौकिक, प्रतिपक्षाकडून झालेली दिशाभूल आणि त्यातून झालेली वा संभवणारी हानी, या तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात.

खरा पेच आडनावाचा आहे. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याची मुभा कलम ३५ देते. परंतु तेथे प्रामाणिकपणाचीच कसोटी लागते. ‘बजाज’ हे आडनाव असलेल्या कुटुंबाच्या संस्थेने स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांवर ते नाव घातले, तेव्हा बजाज इलेक्ट्रिकल्सच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८७ साली त्यास मनाई केली.

आणि वाद सख्ख्या भावांतच उद्भवला तर? जानेवारी २०२५ मध्ये अभिषेक लोढा यांच्या मॅक्रोटेक डेव्हलपर्सने धाकटे बंधू अभिनंदन लोढा यांच्या उद्योगाविरुद्ध ‘लोढा’ नावासाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि ५,००० कोटी रुपयांची भरपाई मागितली. न्यायालयाने समेटाचा मार्ग सुचविला. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन मध्यस्थ झाले. एप्रिल २०२५ मध्ये तडजोड झाली. ‘लोढा’ व ‘लोढा ग्रुप’ ही नावे मॅक्रोटेककडे, तर ‘हाऊस ऑफ अभिनंदन लोढा’ हे नाव धाकट्या बंधूंकडे राहिले. दोन्ही उद्योगांचा परस्परांशी संबंध नाही, हेही जाहीर झाले.

छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी, सराफा वा मोंढ्यातील पेढ्यांनाही हा बोध तितकाच लागू आहे. भाऊ वेगळे होताना दुकान, गोदाम आणि उधारी यांची वाटणी काटेकोर लिहिली जाते. नावाचा उल्लेख मात्र राहून जातो, आणि पुढच्या पिढीत चुलतभाऊ समोरासमोर उभे ठाकतात. म्हणून मूळ नाव कोणाकडे राहील आणि दुसऱ्याने त्यास कोणती स्पष्ट जोड द्यावी, हे वाटणीपत्रातच नमूद व्हावे व नावाची नोंदणीही करावी. वाद झालाच, तर तातडीचा मनाई हुकूम नको असलेल्या तीन लाख वा अधिक मूल्याच्या वाणिज्य दाव्यापूर्वी मध्यस्थी अनिवार्य आहे. तिला उपचार न मानता संधी मानावे.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या जागी नकली देणे, हा एक सांगितला आहे. दुसऱ्याच्या पतीवर आपला माल विकणे हे त्याच जातीचे वर्तन होय. कायदा ते दावा दाखल झाल्यावर रोखतो. श्रावकाने ते पाटी रंगविण्यापूर्वीच टाळावे.