इस्तंबूलची मांजरं आणि कॅमेरा

इस्तंबूलच्या आशियाई बाजूला काडिकॉय नावाचा भाग आहे. तिथल्या फुटपाथवर एक जाडजूड मांजर बसायचं. कडेच्या पायरीवर कोपर टेकलेलं, पोट सैल सोडलेलं, पाय पसरलेले. लोक त्याला टोंबिली म्हणत. कुणीतरी याच ऐटीत त्याचा फोटो काढला आणि तो जगभर फिरला. ऑगस्ट २०१६मध्ये टोंबिली गेलं, तेव्हा हजारो लोकांनी सह्या करून त्याच्या स्मारकाची मागणी केली. ४ ऑक्टोबरला, जागतिक प्राणी दिनी, त्याच जागी त्याचा पुतळा बसला, थेट त्या फोटोतल्यासारखा रेललेला. नोव्हेंबरमध्ये तो चोरीला गेला. इतकी बोंबाबोंब झाली की काही दिवसांतच परत आला.

मालक नसलेल्या जनावराचं एवढं कौतुक व्हावं, याचं बरंचसं श्रेय त्या एका फोटोला द्यायला हवं.

पण असा फोटो सहज मिळत नाही. चालता चालता, उभ्यानं काढलेल्या फोटोत मांजराची नुसती पाठ येते. जैदा तोरून या दिग्दर्शिकेनं ‘केडी’ या २०१६च्या माहितीपटात कॅमेरा जमिनीलगत उतरवला आणि इस्तंबूलच्या गल्ल्या मांजराच्या उंचीवरून दाखवल्या. साधा मोबाइलवालाही गुडघे टेकून हेच करू शकतो. फ्लॅश मात्र बंदच हवा. मांजराच्या डोळ्यांच्या आतला, मागच्या बाजूचा पडदा उजेड परत फेकतो आणि चेहऱ्याऐवजी दोन हिरवे दिवे उमटतात. काळ्या मांजराची गंमत वेगळीच. त्यानं चौकट भरली की कॅमेऱ्याला अंधार पडल्यासारखं वाटतं, तो उजेड वाढवतो आणि काळेभोर केस राखाडी होऊन बसतात. तिथे एक्स्पोजर हातानं कमी करावं लागतं. आणि थांबावं लागतं. हाका मारून, खाऊ दाखवून बोलावलेलं मांजर माणसाकडेच बघत राहतं, आपल्या कामात रमत नाही.

इस्तंबूलच्या आया सोफिया या ऐतिहासिक वास्तूत राहणारी ग्ली नावाची मांजर तर पर्यटकांच्या फोटोंमुळेच नावारूपाला आली. २००९मध्ये बराक ओबामांनीही तिला गोंजारलं होतं. २०२०मध्ये त्या वास्तूची पुन्हा मशीद झाली, तेव्हा ग्ली तिथेच राहील, असं तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्यांना जाहीर करावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती गेली.

रस्त्यावरच्या मांजराचा फोटो काढताना दोन्ही कान स्पष्ट येतील असं पाहावं. अनेक देशांत नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचं टोक किंचित कापतात. ती खूण फोटोत दिसली, तर गल्लीत खाऊ घालणाऱ्यांना त्याच मांजराला पुन्हा पिंजऱ्यात पकडायची गरज पडत नाही.