पायीं चालणाराची वाट

(हरसूल येथें महोत्सवाच्या सायंकाळीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं देवळाच्या पूर्वेतिहासावर बोलावें असा प्रघात आहे. तो इतिहास आमच्यापेक्षां येथील वडील मंडळींस अधिक ठाऊक असल्यामुळें आम्हीं निराळा विषय निवडला आहे. प्रथमदर्शनीं तो या मांडवांत शोभणार नाहीं, कारण तो आहे रस्त्याच्या कडेनें चालण्याचा.

आज सकाळीं गाडी गांवाबाहेर ठेवून आम्ही पेठेंतून पायीं आलों. आमच्या पुढें एक वृद्ध बाई डोक्यावर गांठोडें घेऊन चालली होती. एका अंगास उभ्या जीपगाड्या, दुसऱ्या अंगास उघडें गटार, मध्यें डांबर. जीप आडवी आली कीं ती डांबरावर उतरे. मागून भोंगा वाजला कीं गटाराच्या कांठावर अंग चोरून उभी राही. एवढ्याशा अंतरांत हें चार वेळां झालें. तिनें कोणास दोष दिला नाहीं, कपाळास आठीही पाडली नाहीं. हेंच आम्हांस अधिक लागलें.

हरसूलचा आठवडे बाजार अशाच पायांनीं उभा केला आहे. पाड्यांवरून नागली, वरई, रानभाज्या घेऊन येणारी माणसें, शाळेस जाणारीं मुलें, लेकरूं दवाखान्यांत दाखवावयास आलेल्या आया, या सर्वांचा बहुतेक व्यवहार पायींच चालतो. असें असतां रस्ता सुधारणें म्हणजे डांबर रुंद करणें, एवढाच अर्थ आपण धरून बसलों आहों. डांबर रुंद झालें कीं गाडी वेगानें जाते, आणि त्या बाईस तोच रस्ता ओलांडावयास अधिक वेळ लागतो. येथें पाऊस फार, तेव्हां गटारें हवींतच. पण गटारावर मजबूत झांकण बसविलें, तर पाण्याची वाट आणि माणसाची वाट एकाच जागेंत होते.

हें दुसऱ्यांस शिकवावें अशी आमची योग्यता नाहीं. आम्ही वसईकडचे. तेथें पूर्वीं वाडीवाडींतून, विहिरींच्या व केळीच्या बागांच्या कडेनें, देवळाकडे जाणाऱ्या पाऊलवाटा होत्या. मुंबईचीं उपनगरें वाढत वाढत आमच्यापर्यंत आलीं; २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली; गल्ल्या पूर्वींच्याच राहिल्या, मोटारी मात्र दारोदार आल्या. आमच्या धर्मग्रामांत (त्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं) आम्हीं मोठ्या हौसेनें देवळाभोंवतीं भिंत बांधली व आंतली जागा मोटारी उभ्या करण्यास दिली. त्या भिंतीनें एक जुनी पाऊलवाट बंद झाली, याची दखल समितींत कोणींही घेतली नाहीं. आम्ही स्वतः त्या समितींत होतों. पुढें रोज पहांटेच्या मिस्सेस येणाऱ्या दोघी म्हाताऱ्या येईनाशा झाल्या. प्रकृति बिघडली असेल असें आम्ही समजलों. चौकशीस गेलों तेव्हां त्यांतली एक म्हणाली, “बाबा, पाय चांगले आहेत, वाटच राहिली नाहीं.” मोठ्या रस्त्यानें, अंधारांत, मालमोटारींच्या दिव्यांसमोरून तिनें यावें तरी कसें? भिंत फोडून एक लहानसा दिंडी-दरवाजा ठेवावयास आम्हांस चार वर्षें लागलीं. तोंपर्यंत दोघींपैकीं एक देवाघरीं गेली होती.

मोठ्या शहरांनींही हा धडा उशिरांच गिरविला. वांद्र्यास २००८ सालीं स्थानकापासून कलानगरापर्यंत पादचाऱ्यांसाठीं उंचावरून पूल बांधला. त्यास स्कायवॉक म्हणतात. चालणारास वर चढवून खालचा रस्ता मोटारीस मोकळा करावयाचा, अशी ही युक्ति. रस्ता ओलांडण्यासाठीं म्हाताऱ्या माणसानें जिने कां चढावे, याचें उत्तर आम्हांस अजून मिळालेलें नाहीं. पुण्यानें निराळा मार्ग धरला. २०१६ सालीं तेथील महानगरपालिकेनें पादचारी धोरण मंजूर केलें; जंगली महाराज रस्त्यावर व औंधास पदपथ रुंद करून बसावयास बांक ठेविले; आणि २०२१ सालापासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग मोटारींस बंद ठेवण्यास प्रारंभ केला. वर्षांतून एक दिवस म्हणजे थोडेंच, पण त्या दिवशीं पेठेचें रूप लोकांस दिसतें तरी. माथेरानांत तर खाजगी मोटार दस्तुरी नाक्यापुढें जातच नाहीं, आणि म्हणून तें गांव कांहीं ओस पडलें नाहीं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शिकेंत, वस्तीच्या रस्त्यावर चालण्याची मोकळी पट्टी निदान १.८ मीटर, म्हणजे सुमारें ६ फूट, असावी असें सांगितलें आहे. पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी, असेंही तींत आहे. एवढ्या रुंदींत ओझें घेतलेल्या दोघी समोरासमोर आल्या, तरी एकीस खालीं उतरावें लागत नाहीं. शिवाय १४ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असें सांगितलें. तेव्हां सकाळच्या त्या बाईस वाट देणें हा उपकार नव्हे.

हरसूल अनुसूचित क्षेत्रांत आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें गांवच्या बाजाराची व्यवस्था पाहण्याचा अधिकार पंचायतीस व ग्रामसभेस दिला आहे. रस्त्यावरील अडथळा काढण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें पंचायतीस आहेच. परंतु येथें एक भीति वाटते. अडथळा काढावयाचा म्हटला कीं भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई प्रथम उठविली जाते, आणि पक्क्या दुकानाची रस्त्यावर आलेली पायरी जागचे जागीं राहते. तसें होऊं देऊं नका. विकणाऱ्या बायांस पट्टीच्या आंतल्या अंगास जागा आंखून द्यावी. जीपगाड्यांचा थांबा पेठेच्या बाहेर न्यावा. शाळेपुढें व दवाखान्यापुढें गाडी हळू होईल असा उंचवटा करावा. नवें घर किंवा गाळा बांधणारानें पायरी आपल्याच जागेंत घ्यावी. सांवलीचें झाड मात्र कोणींही तोडूं नये.

त्र्यंबकेश्वरास २०२७ सालीं सिंहस्थ आहे, व त्यानिमित्त आपल्या तालुक्यांत रस्त्यांचीं कामें निघालीं आहेत. बोलावयाचें तें डांबर पडण्यापूर्वीं. मागाहून काय होतें तें आमच्या भिंतीवरून आपणांस समजलेंच आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेस पाड्यांवरच्या भगिनींनीं अवश्य यावें. त्याआधीं एका बाजाराच्या दिवशीं सहा फुटांची काठी घेऊन पेठ एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत मोजावी, आणि जेथें जेथें ती आडवी मावत नाहीं त्या जागा वहींत लिहून काढाव्या. मोजणीस आम्हीही येऊं.