अम्माच्या ओव्या आणि एक फ्लॉपी



मी बी. ए. झालेला माणूस, तोही मराठी विषय घेऊन. संगणकाविषयी बोलण्याचा मला खरं तर अधिकार नाही. पण माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअर तयार करतो. त्याच्याकडून जे शिकलो, ते तुमच्याही उपयोगी पडेल असं वाटतं.

माझी अम्मा जात्यावर ओव्या गायची. आमच्या मोहल्ल्यातल्या पुष्कळ बायका गायच्या, आणि मराठीतच गायच्या. 1998 साली मी तिच्या 142 ओव्या वहीत उतरवल्या आणि मिरजेतल्या एका डीटीपी केंद्रात टाइप करून घेतल्या. सगळ्या मिळून एका फ्लॉपीत मावल्या. पुढे त्यातल्या काही एका फुकट संकेतस्थळावरही ठेवल्या. 2006 साली अम्मा गेली. वही सांगलीला बहिणीकडे होती, ती ऑगस्ट 2019 च्या पुरात गेली. संकेतस्थळ शोधलं, तर ते केव्हाच बंद झालं होतं. उरली फ्लॉपी.

फ्लॉपी वाचणारं यंत्र भाच्यानं कुठून तरी पैदा केलं. फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं. मराठी अक्षर एकही नाही. मी म्हणालो, "गेल्या." तो म्हणाला, "मामू, ओव्या आहेत. फक्त मुखवटे उतरलेत."

मग त्यानं समजावून सांगितलं. त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरावर चढवलेला मराठी मुखवटा. आपल्याला 'क' दिसे, पण संगणकाच्या पोटात एखादं इंग्रजी अक्षरच असे. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो आणि मजकुराचा कचरा होतो. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, 2325. देवनागरीला ही जागा 1991 सालच्या पहिल्याच आवृत्तीत मिळाली. एकदा दिलेला क्रमांक काढून घ्यायचा नाही, असा आता तिथे नियम आहे. म्हणजे आपलं अक्षर तिथे कुणाच्या मेहेरबानीवर नाही.

भाच्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहून फाइल युनिकोडमध्ये आणली. पण ऱ्हस्व वेलांटीनं छळलं. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. त्यामुळे 'रविवार'चा 'रिववार' झाला. रफारही भलत्या जागी बसला, 'सर्व'चं 'सवर्' झालं. दोन रात्री आम्ही चहा पीत एकेक ओळ दुरुस्त करत होतो.

मी त्या संकेतस्थळावर चिडलो होतो. भाचा हसला. म्हणाला, "मामू, फुकटची सेवा म्हणजे दुसऱ्याची ओसरी. बसू देतात तोवर बसायचं. सामान मात्र आपल्या घरात ठेवायचं." त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. जिओसिटीज 2009 साली बंद झालं, गूगल रीडर 2013 साली, ऑर्कुट 2014 साली, गूगल प्लस 2019 साली. कुणाचं वैर नव्हतं. कंपनीला ते चालवणं परवडेना किंवा चालवावंसं वाटेना, एवढंच. तो स्वतः अशाच सेवा बांधतो, म्हणून त्याचं बोलणं मला पटलं.

त्याचा सल्ला साधा आहे. जपायच्या मजकुराच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. मजकूर युनिकोडमध्ये ठेवा. दर दोन-चार वर्षांनी फाइल उघडून पाहा आणि नव्या साधनावर उतरवून घ्या. शिवाय एक प्रत कागदावर छापून ठेवा. पूर सांगून येत नाही, आणि संकेतस्थळ बंद होण्याची सूचना आली तरी आपण ती वाचतोच असं नाही.

एका ओवीतला एक शब्द मात्र काही केल्या लागेना. शेवटी बहिणीला फोन केला. मी अर्धी ओळ म्हणतोय तोच तिनं पुढची ओवी गाऊन दाखवली, अम्माच्याच चालीवर. मी विचारलं, "अगं, तुला किती येतात?" म्हणाली, "साठेक येत असतील. तू कधी विचारलंस?"

खरंच विचारलं नव्हतं. वही, फ्लॉपी, संकेतस्थळ सगळं धुंडाळलं. पण चाल यांतल्या कशातच नव्हती, ती बहिणीच्या गळ्यात होती. आता भाचा आईला समोर बसवून तिचा आवाज ध्वनिमुद्रित करतो आहे. त्याच्याही तीन प्रती होतील.

श्रोतेहो, आज सुट्टी आहे. जुनी पेटी, जुनी सीडी, जुनी फाइल एकदा उघडून पाहा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)