आधी माणूस, मग पुढारी
(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



निवडणूक आली की आपण पुढाऱ्याची गाडी पाहतो, गळ्यातले हार पाहतो, भाषण ऐकतो. पण हाती सत्ता नव्हती तेव्हा हा माणूस कसा वागत होता, हे आपण विचारीत नाही. आज त्याविषयी दोन शब्द सांगतो.

आपला जिल्हा आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखला जातो. पूर्वी त्याला औरंगाबाद म्हणत. 1957 साली औरंगाबादच्या मतदारांनी एका संन्याशाला लोकसभेवर निवडून दिले. त्यांचे नाव स्वामी रामानंद तीर्थ. मूळचे नाव व्यंकटेश खेडगीकर. 1903 साली, आज कर्नाटकात असलेल्या सिंदगी गावी त्यांचा जन्म झाला.

व्यंकटेश सोलापूरला शाळेत शिकत होता. 1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य टिळक वारले. सारा देश हळहळला. व्यंकटेश तेव्हा अवघा सोळा वर्षांचा. त्याने शपथ घेतली : लग्न करायचे नाही, सारा जन्म देशासाठी घालवायचा.

तुम्ही म्हणाल, त्या वयात शपथा सगळेच घेतात! खरे आहे. शपथ घेणे सोपे, पाळणे अवघड. व्यंकटेशने ती पाळली. तो शिक्षक झाला. हिप्परगे आणि अंबाजोगाई येथे त्याने मुलांना शिकवले. 1932 साली संन्यास घेतला. पण संन्यास घेऊन स्वामीजी रानात गेले नाहीत, लोकांत राहिले.

तेव्हा मराठवाड्यावर निजामाचे राज्य होते. 1938 साली स्टेट काँग्रेसवर बंदी असताना स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला, पण आपण निजामाच्याच ताब्यात होतो. त्याच दिवशी स्वामीजींना पुन्हा पकडले. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजाम शरण आला.

खरी परीक्षा तर त्यानंतर होती. तुरुंग सोसणारे पुष्कळ असतात, खुर्ची सोसणारे थोडे. स्वामीजी खासदार झाले, पण मंत्री झाले नाहीत. हैदराबाद राज्यात ते मोठे पुढारी होते. तरी लोकांच्या भाषेप्रमाणे हे राज्य वेगळे करावे, असे त्यांनीच सांगितले. 1956 साली तसे झाले. जिथे त्यांचा शब्द चालत होता, ते राज्यच उरले नाही. त्यांनी आपला फायदा पाहिला नाही. ही सवय एका दिवसात लागत नाही. ती सोळाव्या वर्षापासून लागली होती.

आता आपल्या घराकडे वळू. उधारीवाला दारात येतो. आपण पोराला म्हणतो, “बाबा घरी नाहीत म्हणून सांग.” निवडणुकीत पैसे घेऊन मत देतो. पोर कोपऱ्यात बसून सारे पाहते. उद्या तेच पोर सरपंच होईल, आमदार होईल. मग त्याने पैसे खाल्ले तर आपण त्याला नावे ठेवू. पण त्याचा पहिला धडा कोणी दिला?

म्हणून मत देताना विचारा : हा माणूस पद मिळण्याआधी कसा वागला? दिलेला शब्द त्याने पाळला का? आणि घरी गेल्यावर आपल्या मुलांसमोर खरे बोला. एवढे केलेत तरी पुष्कळ झाले.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो.