परमुलखातला संसार दोघांचा



आपल्या गटांच्या बैठकीत हल्ली एक नवा विषय निघतो. पूर्वी लेक पुण्या-मुंबईला दिली की लांब दिली म्हणायचे. आता कुणाची लेक जर्मनीला निघते, कुणाची सून अमेरिकेला, कुणाचा भाचा बायकोला घेऊन दुबईला. मग कांदा-लसूण मसाल्याचे डबे भरायचे, बॅगा वजन करायच्या, घरभर गडबड. पण एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही. जावयाला तिथं नोकरी आहे. आपली लेक तिथं काय करणार? आज त्यावरच बोलू.

परमुलूख आपल्याला नवा नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, तसंच आपलं माण आणि खटाव. पाऊस दगा देणारा, म्हणून इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात शिरली आणि देशभर पांगली. त्यांच्या मागून बायका गेल्या. जिथल्या पाटीवरचं अक्षरही वाचता येत नाही, अशा गावात त्यांनी चूल मांडली. तुमच्या आळीत अशी एखादी काकू नक्की असेल. तिला विचारा. ती सांगेल, मालक दिवसभर दुकानात, आणि चार भिंती खायला उठतात. ज्या बाईनं भाजीवालीशी, दूधवाल्याशी मोडकंतोडकं बोलायला सुरुवात केली, ती लवकर रुळली. जी नवरा येईपर्यंत दार लावून बसली, तिला वर्षं लागली.

पण एक फरक ध्यानात घ्या. विट्याहून तामिळनाडूत जायला परवाना लागत नाही. तिथं बाई शिवणकाम करू शकते, दुकानात बसू शकते. परदेशात मात्र बायकोचा व्हिसा बहुतेक वेळा नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असतो, आणि तिला काम करता येईल की नाही, हे त्या व्हिसावर ठरतं.

अमेरिकेचं बघा. नवरा एच-वन-बी व्हिसावर गेला, तर बायकोला एच-फोर मिळतो. त्यावर लगेच नोकरी करता येत नाही. 2015 पासून काही जणींना वेगळा परवाना काढून काम करता येतं. पण त्यासाठी साधारणपणे नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा पहिला मोठा टप्पा पार पडलेला लागतो. त्याला कधी कधी बरीच वर्षं जातात. जर्मनीत उलट आहे. तिथं कुशल कामगाराच्या बायकोला गेल्यापासून काम करता येतं. पूर्वी मात्र बऱ्याच जणींना व्हिसासाठी आधी जर्मन भाषेची ए-वन ही पहिली परीक्षा द्यावी लागायची. ब्रिटनमध्ये 11 मार्च 2024 ला, वृद्धांची देखभाल करण्याच्या कामावर नव्यानं जाणाऱ्यांना कुटुंब सोबत नेण्याची मुभा बंद झाली. हे नियम बदलत राहतात. म्हणून एजंटाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका; त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा. आणि हे लग्न ठरण्याआधी विचारा. सोनं किती घालणार हे आपण बिनसंकोच विचारतो, मग "तिला तिथं काम करता येईल का" हे विचारायला लाज कसली?

आता कागदपत्रं. लग्नाची नोंद लगेच करा. खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेत. आधार, पदवी, पासपोर्ट यांवरच्या नावांत फरक असेल, तर तो आधी मिटवा. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. लग्नाचा दाखला आणि पदवी तिकडं चालावी म्हणून आधी राज्य शासनाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का मिळतो. दुबईसाठी त्या देशाच्या वकिलातीचीही मोहोर लागते. पदवीचं काम आत्ताच करा. मुलगी बी.ए., बी.एस्सी., नर्सिंग काहीही शिकलेली असो, तिचं शिक्षण कपाटात ठेवून तिला पाठवू नका. आणि पासपोर्ट तिचा तिच्याजवळ राहू द्या. त्याची एक झेरॉक्स माहेरी ठेवा.

पैशाचं तर आपण गटातल्या बायका जाणतोच. गटात असाल तर निघण्याआधी कर्ज फेडून बचतीचा हिशोब पूर्ण करा, ठरावात लिहून घ्या. परदेशी राहायला गेल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेत सांगून ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. स्त्रीधनाची यादी करा. ते तिचं आहे, लॉकरमध्ये तिच्या नावावर राहू द्या. तिकडं गेल्यावर तिच्या नावाचं खातं उघडता येईल का, हे नवराबायकोनं मिळून पहिल्या काही आठवड्यांतच बघावं. दुधाच्या पिशवीसाठीही हात पसरावा लागला, तर शिकलेली बाईसुद्धा खचते.

आनंदीबाई जोशी आठवतात ना? 1883 साली, अठरा वर्षांच्या, नवऱ्याशिवाय बोटीनं अमेरिकेला गेल्या. गोपाळराव मागून गेले. तिथं कार्पेंटर नावाच्या बाईंनी त्यांना आपल्या घरी घेतलं. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानलं. 1886 मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पण तिथल्या थंडीनं आणि दगदगीनं तब्येत ढासळली होती; क्षयानं 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात त्या गेल्या. यातून मी दोन गोष्टी घेते. एक, परमुलखात नवऱ्याखेरीज आपलं म्हणावं असं एक तरी माणूस जोडावं. शेजारीण असो, महाराष्ट्र मंडळातली असो, भाषेच्या वर्गातली असो. दुसरी, अंगावर काढू नये. गरम कपडे आणि आरोग्य विमा ही चैन नाही.

आता इथं राहिलेल्या आयाबायांना आणि सासूबाईंना सांगते. अमेरिकेच्या पूर्व भागात आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागं घड्याळ असतं. आपली सकाळ म्हणजे तिची रात्र. फोनची वेळ ठरवून घ्या. आणि दर फोनला "गोड बातमी कधी?" एवढंच विचारू नका. "आज कुणाशी बोललीस? क्लासला गेलीस का?" असं विचारा. मुलाच्या आईनं मुलालाही विचारावं, "घरी आल्यावर भांडी कोण घासतं?" तिथं धुण्याभांड्याला बाई लावणं फार महाग असतं. इथं पेला न उचलणाऱ्या मुलानं तिथं कुकर लावला, तर त्यात कमीपणा नाही.

आणि अडचण आलीच, मारहाण झाली, नवऱ्यानं पासपोर्ट काढून घेतला किंवा माहेरी आणून सोडून दिलं, तर "लोक काय म्हणतील" म्हणून गप्प बसू नका. तिकडं भारतीय दूतावासात जाता येतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांशी लग्न झालेल्या बायकांसाठी वेगळा कक्ष आहे. माहेरच्यांनी दार उघडं ठेवलं, तरच या सगळ्याचा उपयोग.

लेकीला लांब पाठवायला माझी ना नाही. जाऊ द्या, जग बघू द्या. फक्त जाताना तिच्या हातात तिची कागदपत्रं, थोडे तिचे पैसे आणि तिथल्या भाषेचे चार शब्द असू द्या. पुढच्या बैठकीत, ज्यांच्या घरातलं कुणी निघालंय, त्यांनी लग्नाच्या नोंदीचा कागद घेऊन या. तिथून सुरुवात करू.